गुडघ्याचा एमआरआय लवकर झाला म्हणजे तो अर्धवट नसतो

लातूर-बीडकडे गुडघ्याचा एमआरआय करून आलेल्या माणसाला ‘मशीनमध्ये किती वेळ ठेवलं?’ असे हमखास विचारले जाते, आणि उत्तर दहा मिनिटांच्या आतले असले, की तपासणी घाईत उरकली असा ग्रह होतो. तो चुकीचा आहे. एमआरआयमध्ये वेळ जातो तो शरीरातून येणारे संकेत ओळीओळीने गोळा करण्यात. १९९० च्या दशकाअखेरीस अनेक कॉइलनी (संकेत टिपणाऱ्या वेटोळ्यांनी) एकाच वेळी टिपलेल्या संकेतांच्या आधारे काही ओळी वगळून वेळ वाचवण्याची पद्धत आली आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता कमी संकेतांवरून पूर्ण प्रतिमा उभारते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने फेसबुकच्या संशोधकांसह २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुमारे एक चतुर्थांश संकेतांवरून अशा रीतीने उभारलेल्या गुडघ्याच्या प्रतिमा निदानासाठी नेहमीच्या प्रतिमांइतक्याच उपयुक्त ठरल्या. उलट, दुखरा गुडघा फार वेळ स्थिर राहत नाही. तो जरासा हलला तरी प्रतिमा धूसर होते आणि मेनिस्कसची, म्हणजे सांध्यातल्या गादीची, बारीक चीर त्यात निसटू शकते. मात्र अशा वेगवान तपासणीची सोय नसलेल्या जुन्या यंत्रावर केवळ काही प्रतिमा गाळून वेळ वाचवला असेल, तर ती उणीवच होय; म्हणून मिनिटे मोजण्याऐवजी तिन्ही दिशांच्या प्रतिमा घेतल्या का आणि त्या स्पष्ट आल्या का, हे रेडिऑलॉजिस्टना विचारावे.