वाए रेबो

वाए रेबो : इंडोनेशियातील फ्लोरेस बेटाच्या पश्चिम भागातले डोंगरी गाव. प्रांत पूर्व नुसा तेंगारा, जिल्हा मांगराई. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,१०० ते १,२०० मीटर. चहूबाजूंनी दाट जंगलाचे डोंगर, मधल्या सपाटीवर अर्धवर्तुळात उभी सात शंक्वाकृती घरे, आणि बहुतेक दिवस दुपारनंतर उतरणारे धुके, असे त्याचे दर्शनी रूप. मांगराई भाषेत ‘वाए’ म्हणजे पाणी किंवा नदी. या मुलखातल्या बऱ्याच गावांच्या नावांत हा शब्द भेटतो.

गावापर्यंत गाडीरस्ता नाही. लाबुआन बाजो या पर्यटन शहरापासून पाच-सहा तासांच्या प्रवासानंतर देंगे हे पायथ्याचे गाव लागते. तिथून पूर्वी सगळी वाट पायीच होती, तीन-चार तासांची. अलीकडे रस्ता काही अंतर वर सरकला आहे. मोटारसायकलवाले तिथपर्यंत सोडतात आणि चढ दोन-तीन तासांवर येतो. पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पायवाट निसरडी होते आणि जळवा निघतात. गाव दिसू लागते त्या वळणावर एक छोटी झोपडी आहे. तिथे टांगलेला बांबूचा ठोकळा वाजवून पाहुणे आल्याची वर्दी द्यायची असते. मग मुख्य घरात ज्येष्ठ मंडळी पूर्वजांना उद्देशून स्वागताचा विधी करतात. तो होईपर्यंत छायाचित्रे काढायची नाहीत, हा नियम पाहुण्यांना आधीच सांगितला जातो.

गावाचा मूळ पुरुष एम्पो मारो (‘एम्पो’ म्हणजे आजा, पूर्वज). तो सुमात्राच्या मिनांगकाबाऊ प्रदेशातून आला, ठिकाणे बदलत अखेर इथे स्थिरावला, आणि आजची पिढी त्याच्यापासून विसावीच्या आसपासची, असे गावकरी सांगतात. इतिहास म्हणून हे तपासता येण्यासारखे नाही. मात्र या कथेचा एक धागा आजच्या जेवणापर्यंत पोचतो : पूर्वजांना वाट दाखवणारा प्राणी म्हणून गावात उदमांजराचे मांस वर्ज्य आहे.

घरांना ‘म्बारू नियांग’ म्हणतात. उंची सुमारे १५ मीटर. भिंत अशी नाहीच, छप्परच जवळजवळ जमिनीला टेकते. लाकडी सांगाडा वेताने बांधतात, खिळा वापरत नाहीत. वर लव्हाळ्यासारखे उंच गवत आणि साखर देणाऱ्या ताडाचे काळे, केसांसारखे तंतू यांचे आवरण असते. आत पाच मजले. खालच्या ‘लुतुर’वर माणसे राहतात; पुढे सामाईक जागा, मागे एकेका कुटुंबाच्या खोल्या, मध्ये चुली. त्यावरचा ‘लोबो’ धान्य आणि रोजच्या सामानाचा, ‘लेंतार’ बियाण्यांचा, ‘लेंपा राए’ दुष्काळासाठी राखलेल्या साठ्याचा आणि शेंड्याजवळचा ‘हेकांग कोडे’ पूर्वजांच्या नैवेद्याचा. आपल्याकडे कणगी, उतरंड आणि देवघर वेगवेगळ्या कोपऱ्यांत असतात. इथे ती एकावर एक चढवली आहेत, असे म्हणता येईल. चुलीचा धूर बाहेर जायला धुराडे नसते. तो छपरातून झिरपतो आणि त्यानेच गवत कोरडे व किडीपासून वाचलेले राहते. डोळे चुरचुरतात, पण छप्पर टिकते. घर खांबांवर उचललेले असल्याने खालच्या मोकळ्या जागेत सरपण रचतात.

सातांपैकी मोठे ते ‘म्बारू गेंडांग’, म्हणजे ढोलाचे घर. विधींचे ढोल आणि घंटा तिथे टांगलेल्या असतात. त्यात आठ कुटुंबांना जागा, बाकीच्या घरांत सहा-सहा. घरांसमोरच्या अंगणात ‘चोम्पांग’ हा दगडी गोल चौथरा आहे. पूर्वजांशी आणि देवाशी बोलण्याची ही जागा. मांगराई लोक आज बहुसंख्येने कॅथलिक आहेत, तरी चोम्पांगची पूजा सोडलेली नाही. ‘ढोल आत, शेत बाहेर’ अशी त्यांची म्हण आहे : ज्याला ढोलाच्या घरात स्थान, त्याला गावच्या जमिनीत वाटा. जमिनीची वाटणी करणारा वेगळा मानकरी असतो, त्याला ‘तुआ तेनो’ म्हणतात.

नोव्हेंबरात ‘पेन्ती’ हा नववर्षाचा सण येतो. झऱ्यावर, सीमेवर आणि चोम्पांगवर विधी होतात, रात्र गाण्यात सरते. दिवसा ‘चाची’ खेळतात. उच्चार हिंदीतल्या काकूचा, पण ही चाबूक आणि ढालीची झुंज आहे. अंगावर उठलेला वळ मिरवण्याचा असतो.

छायाचित्रांत सात छपरे दिसतात. गावाचे पोट कशावर चालते ते अंगणात पसरलेल्या चटयांवर कळते : तिथे कॉफी वाळत असते. अराबिका आणि रोबस्टा दोन्ही होतात. बायका बिया उखळात कांडतात, उरलेल्या वेळात सोंगके हे कापड विणतात. या उंचीवर भातशेती नाही. त्यामुळे कॉफीची पोती डोक्याखांद्यावर खाली उतरतात आणि तांदळाची पोती त्याच वाटेने वर चढतात. साखर, रॉकेल, सिमेंट, सगळ्याची किंमत त्या चढाने वाढते. आजारी माणसाला खाली न्यायचे तरी खांद्यांखेरीज वाहन नाही.

खाली कोम्बो नावाचे जुळे गाव आहे, आणि ते पाहिल्याशिवाय वाए रेबो समजत नाही. वर शाळा नसल्याने मुले शिकायच्या वयात कोम्बोत नातेवाइकांकडे राहतात, पुढच्या शिक्षणासाठी रुतेंग शहरात जातात. एकच कुळ दोन ठिकाणी संसार मांडून असते : शेत आणि पूर्वज वर, शाळा आणि बाजार खाली. एकाकी, काळाच्या पल्याडचे गाव अशी जाहिरातींतली प्रतिमा त्यामुळे अर्धवटच खरी आहे.

२००८ मध्ये इंडोनेशियाचे वास्तुरचनाकार योरी अंतार इथे आले तेव्हा सातांपैकी चारच घरे उरली होती आणि त्यांतलीही काही खचत चालली होती. बाहेरून देणग्या उभ्या राहिल्या, पण घरे बांधली गावकऱ्यांनी. जुने घर आधी जपून उलगडायचे, कुठला वेत कुठल्या गाठीने बांधला आहे ते पाहायचे, मग नवे उभारायचे, अशी रीत ठेवली. तरुणांचे शिक्षण त्यातच झाले. २०११ पर्यंत साती घरे पुन्हा उभी राहिली. २०१२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा संवर्धन पुरस्कारांतला सर्वोच्च सन्मान या कामाला मिळाला आणि २०१३ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत ते होते.

त्यानंतर पर्यटक वाढले. एक घर पाहुण्यांसाठी राखले आहे. ते ओळीने चटयांवर झोपतात, शुल्क गावाच्या संघटनेकडे जमा होते. वाटाडे, हमाल, स्वयंपाकिणी यांना रोख पैसा मिळू लागला, कॉफी दारातच विकली जाऊ लागली. पण हे उत्पन्न लहरी आहे. महासाथीच्या काळात पाहुणे थांबले तेव्हा हातात राहिली ती कॉफीच.

रस्त्याचा प्रश्न यातूनच अवघड होतो. तो गावापर्यंत आला तर पोती आणि रुग्ण दोघांचीही सोय होईल. हमालांची मजुरी जाईल आणि दिवसभरात येऊन परतणारी गर्दी वाढेल. या लेखकाच्या मते रुग्णाचे पारडे जड आहे, परंतु हा निर्णय तिथल्याच लोकांचा. छपराचे गवत तर ठरावीक वर्षांनी बदलावेच लागते. २००८ नंतर गाठी शिकलेले तरुण आता चाळिशीकडे झुकले आहेत, त्यांची मुले खाली कोम्बोच्या शाळेत आहेत.