पॉलिनेशियातील अन्नसंचय, निसर्गज्ञान व वादळाची पूर्वचिन्हे

पॉलिनेशियातील अन्नसंचय, निसर्गज्ञान व वादळाची पूर्वचिन्हे : मध्य व दक्षिण पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या तोंडी परंपरेने आणि हाताखाली काम करता करता चालत आलेले ज्ञान. अन्न पिकवणे व टिकवणे, वारा, लाटा, पक्षी आणि झाडे यांचे निरीक्षण आणि चक्रीवादळाला तोंड देण्याची तयारी ही त्याची तीन अंगे. अभ्यासकांनी ती बहुधा सुटी पाहिली. वनस्पतिशास्त्रज्ञांनी पिके पाहिली, मानवशास्त्रज्ञांनी दुष्काळ पाहिले, तर हवामानतज्ञांनी चिन्हांच्या याद्या केल्या. बेटांवर मात्र ही कामे त्याच माणसांची असतात आणि त्याच ऋतुचक्रात होतात, म्हणून येथे त्यांचा एकत्र विचार केला आहे.

प्रदेश : हवाई, न्यूझीलंड आणि रापा नुई (ईस्टर बेट) यांना जोडणारा त्रिकोण म्हणजे पॉलिनेशिया. त्रिकोणाबाहेर पश्चिमेकडेही काही पॉलिनेशियन वस्त्या आहेत. सॉलोमन बेटांतील तिकोपिया व अनुता या त्यांपैकी होत. दक्षिण पॅसिफिकमध्ये चक्रीवादळांचा मोसम साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल असतो. त्याचा धोका सर्वत्र सारखा नाही. सामोआ, टोंगा, नियुए आणि दक्षिण कुक बेटांना वादळे वारंवार गाठतात, तर विषुववृत्ताजवळच्या मार्केसास बेटांवर ती क्वचितच येतात. हा फरक पुढे उगमाच्या चर्चेत महत्त्वाचा ठरतो.

अन्न : अळू, कोनफळ, केळी, नारळ आणि नीरफणस ही मुख्य पिके, आणि त्यांच्या जोडीला खडकांच्या कडेची व खोल समुद्रातील मासळी. सखल प्रवाळबेटांवर जमीन खणून गोड्या पाण्याच्या थरापर्यंत खड्डे नेतात आणि त्यांत दलदलीचे मोठे अळू लावतात. वादळी लाटांचे खारे पाणी शिरले की अशा खड्ड्यांचे दीर्घकाळ नुकसान होते. काही किनारे, बागा किंवा झाडे ठरावीक काळ बंद ठेवण्याची प्रथा बहुतेक बेटांवर होती. कुक बेटांत तिला राउई म्हणतात.

कोकणात व गोव्यात परसदारी दिसणारा नीरफणस, शास्त्रीय नाव आर्टोकार्पस अल्टिलिस, हा मूळचा पॅसिफिक भागातलाच. न्यू गिनी परिसरातील आर्टोकार्पस कमान्सी या बियांच्या रानटी जातीपासून तो माणसाने घडवला, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. पूर्व पॉलिनेशियातील बहुतेक वाण बिनबियांचे आहेत. मुळांतून फुटणारे धुमारे होडीतून ओले राखत नेल्याशिवाय ते एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहोचणे शक्य नव्हते. झाड भरभरून देते, पण मोसमापुरतेच, आणि उतरवलेले फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडून नासू लागते. बेटांवरच्या अन्नसंचयाच्या मुळाशी हीच अडचण आहे.

खड्ड्यातील आंबवण : तिकोपिया व सामोआत मासी, ताहिती व कुक बेटांत माही आणि मार्केसासमध्ये मा या नावांनी ओळखला जाणारा हा पदार्थ जमिनीत पुरून तयार होतो. फळे सोलून त्यांचा मधला दांडा काढतात. निचऱ्याच्या जमिनीत खणलेल्या खड्ड्याला केळीच्या वा तत्सम रुंद पानांचे अनेक पदरी अस्तर देतात. त्यात फळे दाबून भरतात, वरून पाने आणि पानांवर दगड रचतात. हवा कोंडली गेली की दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात. आम्लता चढत जाते आणि कुजवणारे जिवाणू मागे हटतात. काही आठवड्यांत फळांचा आंबट, उग्र वासाचा, पिठूळ गोळा होतो. लागेल तेवढा गोळा काढून, मळून, पानात गुंडाळून तो तापवलेल्या दगडांच्या भट्टीत भाजतात. खड्ड्याची पाने अधूनमधून बदलावी लागतात. जुन्या मासीत नवी फळे मिसळण्याचीही रीत आहे. त्यामुळे नवे आंबवण लवकर धरते आणि एकच खड्डा वर्षानुवर्षे चालू राहतो. ब्रिटिश निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स यांनी १७६९ मध्ये ताहितीत ही कृती पाहून तिचे वर्णन लिहून ठेवले. ते आजच्या पद्धतीशी बरेच जुळते.

ही पद्धत कधी व कशासाठी सुरू झाली, याविषयी एकमत नाही. उत्खननात खड्डे पुष्कळ सापडतात. पण पाने आणि गोळा मागे राहत नाहीत, आणि रिकामा खड्डा भट्टीचा, साठ्याचा की खांबाचा हे नेहमी ठरवता येत नाही. त्यामुळे काळ ठरवताना आडवाटेने जावे लागते. टोंगा व सामोआत लापिता संस्कृतीचे (नक्षीदार मातीच्या भांड्यांवरून ओळखले जाणारे, पॉलिनेशियनांचे पूर्वज) लोक इ. स. पू. सुमारे ९०० च्या आसपास पोहोचले. पूर्व पॉलिनेशियातील वसाहतीचा काळ पूर्वी बराच मागे नेला जात असे. अलीकडे अधिक काटेकोर निवडलेल्या रेडिओकार्बन नमुन्यांवरून तो इ. स. सुमारे १००० ते १३०० असा मानण्याकडे कल आहे आणि तो अधिक सयुक्तिक वाटतो. सामोआ आणि ताहिती येथे कृती तीच आणि नावही एकाच मुळाचे असल्याने पूर्वेकडील प्रवासापूर्वी ती माहीत असली पाहिजे, एवढे म्हणता येते. फिजी आणि मायक्रोनेशियातही (पॉलिनेशियाच्या वायव्येकडील बेटांतही) अशीच आंबवण आढळते. यावरून काही अभ्यासक ती लापिता काळाइतकी जुनी मानतात. मात्र मायक्रोनेशियात फळे आधी खाऱ्या पाण्यात भिजवण्याची वेगळी रीत आहे, आणि दोन ठिकाणी ती स्वतंत्रपणे सुचली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

हेतूविषयी तीन मते आहेत. पहिले मत असे की चक्रीवादळ व दुष्काळ यांच्या भीतीने खड्डे आले. दुसरे मत साठ्याचा संबंध प्रमुखांच्या सत्तेशी आणि लढायांशी जोडते. तिसऱ्या मतानुसार मोसमात एकदम येणारे, लगेच नासणारे फळ वर्षभर पुरवणे हाच मूळ हेतू होता. पहिले मत लोकप्रिय आहे, पण मार्केसास बेटे त्याच्या आड येतात. वादळे विरळ असलेल्या या बेटांवर खड्ड्यांची परंपरा पॉलिनेशियात सर्वांत भव्य होती. दऱ्यांतील तटबंद जागांजवळही मोठे खड्डे आढळतात. तेथे भीती होती ती लांबलेल्या अवर्षणाची आणि शेजारच्या टोळीची. म्हणून मोसमी फळ पुरवण्याचा हेतू आधीचा आणि संकटासाठीचा साठा त्यावर नंतर उभा राहिला, असा क्रम मानणे योग्य होईल.

पूर्वचिन्हे : नोंदवलेली चिन्हे दोन प्रकारची आहेत आणि ती एकत्र मोजल्याने त्यांच्याविषयी बराच गोंधळ झाला आहे. काही चिन्हे महिनोन्‌महिने आधीची. नीरफणस किंवा आंब्याला नेहमीपेक्षा जास्त बहर येणे, एका देठाला अनेक नीरफणस धरणे, गांधीलमाश्यांनी उंच फांद्या सोडून जमिनीजवळ पोळे बांधणे, केळीचे कोवळे पान उलगडण्याआधी वाकडे होणे ही त्यांपैकी होत. काही चिन्हे एक-दोन दिवसांची. फ्रिगेट पक्षी समुद्र सोडून जमिनीवर घिरट्या घालू लागतात, नेहमीचा आग्नेय वारा पडून वाऱ्याची दिशा फिरते, आकाश लालसर होते आणि वारा नसतानाही प्रवाळकड्यावर लाटांचा घुमणारा आवाज येतो.

दुसऱ्या प्रकाराचा भौतिक आधार भक्कम आहे. वादळात जन्मलेल्या लांब लाटा वादळापेक्षा वेगाने पुढे धावतात, त्यामुळे शेकडो किलोमीटर दूर असलेले वादळ किनाऱ्याला आधी लाटांतून कळते. फ्रिगेट पक्ष्याचे पंख पाण्यात भिजतात आणि तो समुद्रावर बसू शकत नाही. हिंदी महासागरात उपकरणे बसवून केलेल्या अभ्यासात हे पक्षी चक्रीवादळाला वळसा घालून जाताना दिसले आहेत. पहिल्या प्रकाराविषयी तसे म्हणता येत नाही. उबदार आणि ओल्या वर्षी झाडे जास्त फळतात आणि अशा वर्षी वादळेही वाढू शकतात, असा दुवा सुचवला गेला आहे, पण तो पक्का ठरलेला नाही. तरीही ही चिन्हे निरर्थक नाहीत. नीरफणस अमाप आला की वादळाचे वर्ष, असे मानणाऱ्या घराला त्याच वर्षी पुरण्याजोगे जास्तीचे फळ मिळते आणि खड्डे भरण्याचे कारणही मिळते. इशारा खरा ठरो वा न ठरो, साठा वाढलेला असतो. या चिन्हांकडे अंदाज म्हणून पाहण्यापेक्षा कामाला लावणारी खूण म्हणून पाहिले तर त्यांचा टिकाव समजतो.

वाऱ्यांच्या नावांची मांडणीही या ज्ञानात येते. विल्यम वायट गिल या धर्मप्रचारकाने १८७६ मध्ये कुक बेटांपैकी मँगाइया बेटावरील एक वायुचक्र प्रसिद्ध केले. त्यात क्षितिजावर वारा ज्यांतून येतो असे मानत ती ३२ भोके दाखवली आहेत. ही संख्या युरोपीय होकायंत्राच्या विभागांशी तंतोतंत जुळत असल्याने मांडणीवर त्याचा प्रभाव असावा अशी शंका रास्त आहे, पण नावे स्थानिक आहेत यात वाद नाही. कालगणनेचे आधार कृत्तिका आणि समुद्रातील जीव हे होत. ताहितीत नोव्हेंबरमधील कृत्तिकांच्या सायंउदयाने वर्षाचा सुकाळाचा अर्धा भाग सुरू होई, आणि वादळांचा मोसमही तेव्हाच लागतो. सामोआत ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये कृष्ण पक्षाच्या अष्टमीच्या सुमारास समुद्रात वर येणारे पालोलो किडे गोळा करून खातात.

तिकोपिया : सुमारे ५ चौ. किमी. क्षेत्राचे हे बेट या विषयातील सर्वांत तपशीलवार अभ्यासलेले उदाहरण आहे. मानवशास्त्रज्ञ रेमंड फर्थ यांनी १९२८–२९ मध्ये येथे राहून काम केले. तेव्हा वस्ती सुमारे १,३०० होती. पॅट्रिक कर्च व डग्लस येन यांनी उत्खनन व वनस्पतींच्या अभ्यासातून १९८२ मध्ये बेटाचा जवळपास तीन हजार वर्षांचा इतिहास मांडला. आरंभी जंगल जाळून शेती होत असे. पुढे उंच नारळ व नीरफणस, मध्ये बदाम देणारी झाडे आणि खाली अळू, कोनफळ अशी अनेक थरांची बाग उभी राहिली. इ. स. १६०० च्या सुमारास डुकरे पाळणे बंद झाले. ती बागा उकरत आणि माणसांचे अन्न खात, हे कारण सामान्यतः दिले जाते. घरे बुटकी असून त्यांत रांगत शिरावे लागते, त्यामुळे वाऱ्याला धरायला थोडेच उरते.

जानेवारी १९५२ मध्ये मोठे वादळ आले आणि मार्च १९५३ मध्ये दुसरे. पहिल्या वादळानंतर थोड्याच काळात फर्थ पुन्हा तेथे पोहोचले. त्यामुळे दुष्काळ सुरू असताना त्याचे निरीक्षण झाले, आणि असे फार क्वचित घडते. खड्ड्यांतील मासीने पहिले महिने निभावले, मग ती संपली. समारंभ आखडले, पाहुणचार कमी झाला, शेतांतून चोऱ्या वाढल्या. भुकेने माणसे दगावली आणि सरकारी तांदूळ आणावा लागला. साठ्याच्या मर्यादेचा हा सर्वांत प्रामाणिक पुरावा आहे. पारंपरिक ज्ञानाचे कौतुक करताना तो वगळला जातो, हे योग्य नाही.

२८ डिसेंबर २००२ रोजी झोई हे चक्रीवादळ तिकोपियाच्या अगदी जवळून गेले. त्याच्या वाऱ्यांचा सततचा वेग ताशी सुमारे २४० किमी. होता. बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला आणि मदत पोहोचायला जवळजवळ आठवडा लागला. लोकांनी उंच भागातील कपारींचा आसरा घेतला होता, आणि एकही मृत्यू झाला नाही. समुद्राने ते रोतो या सरोवराचा वाळूचा बांध फोडला, खारे पाणी शिरले आणि सरोवराकाठचे अन्न बिघडले. २००६ मध्ये दगड भरलेल्या जाळीच्या पेट्यांचा बांध घालून ते पुन्हा बंद करण्यात आले. जीव वाचण्याचे श्रेय केवळ चिन्हांना देता येणार नाही. कुठे जाऊन बसायचे हे आधीपासून ठाऊक असणे, हे त्यातील मोठे कारण दिसते.

सद्यःस्थिती : सामोआत फेब्रुवारी १९९० मधील ओफा आणि डिसेंबर १९९१ मधील व्हाल या वादळांनी नीरफणसाची झाडे मोठ्या प्रमाणावर पाडली. आयात तांदूळ, पीठ व डबाबंद अन्न आल्यापासून अनेक बेटांवर खड्डे भरणे मागे पडले आहे. जानेवारी २००४ मध्ये हेटा वादळाच्या लाटा नियुएच्या उंच कड्यावर चढल्या आणि रुग्णालयाबरोबर संग्रहालयही गेले, त्यामुळे जुन्या वस्तूंचा मोठा ठेवा नष्ट झाला. ऑस्ट्रेलियाच्या हवामान विभागाच्या साहाय्याने सामोआ, टोंगा, नियुए, सॉलोमन बेटे व वानुआतू येथील हवामान सेवा अशा चिन्हांची नोंद ठेवत आहेत. त्यात ज्ञान ज्यांचे आहे त्यांच्या संमतीने ते जपण्यावर भर आहे.