पीठ कालवलं की पिठलं, पेरलं की झुणका

'झुणका म्हणजे घट्ट पिठलं.' रूम करून राहणाऱ्या पोरांपासून ढाब्यावरच्या पाट्यांपर्यंत हे सगळीकडे चालतं, आणि ते चूक आहे. चूक नुसती नावाची असती तर सोडून दिलं असतं. पण या समजापायी लोक पिठलं आटवत बसतात. ते आटता आटता खाली लागतं, वर गोळा होतं, आणि मग 'आपल्याला झुणका जमत नाही' म्हणून डबा लावतात. त्यांनी झुणका केलेलाच नसतो, मग जमणार कुठून?

पिठलं घट्ट करत गेलं की काय होतं, हे विदर्भात तरी सांगावं लागू नये. त्याची पातोडी होते. एक वाटी बेसनाला दोन वाट्या पाणी घ्यायचं, गोळा कढई सोडेपर्यंत घोटायचं, तेल लावलेल्या ताटात थापायचं, वड्या कापायच्या आणि रश्शात सोडायच्या. पिठलं आटवण्याच्या वाटेवर शेवटचं गाव पातोडी आहे. झुणका त्या वाटेवर लागतच नाही.

दोन्हींत सामान तेच: बेसन, कांदा, लसूण, मिरची किंवा तिखट, हळद, मोहरी, जिरं, मीठ, तेल, वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. दोन्ही तासाच्या आत नाही, वीस मिनिटांच्या आत होतात. फरक एकाच ठिकाणी आहे, आणि तो आपल्या क्रियापदांतच सांगितलेला आहे. पिठल्यासाठी पीठ कालवतात. झुणक्यासाठी पीठ पेरतात.

पिठलं बहुतेकांना येतं, म्हणून थोडक्यात. एक वाटी बेसन दीड वाटी गार पाण्यात हाताने कालवून घ्या, एकही गाठ नको. दोन चमचे तेलाच्या फोडणीत कांदा मऊ झाला की दोन वाट्या पाणी घालून उकळी आणा, आणि कालवलेलं पीठ धार धरून ओता. दुसऱ्या हाताने ढवळत राहा. उकळी परत आली की आच मंद करा, झाकण ठेवा, सात-आठ मिनिटं शिजू द्या आणि मध्ये दोनदा ढवळा. उकळी आली म्हणजे झालं, असं नाही. त्या वेळी पीठ फुगलेलं असतं, शिजलेलं नसतं. कच्चट वास जाऊन वर चकाकी आली की झालं. हवं त्यापेक्षा थोडं पातळ असतानाच उतरवा, कारण ताटात वाढेपर्यंत ते आणखी आळतं.

गार पाण्याचा आग्रह का, तेही सांगून टाकू. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात एकदम पडलं की प्रत्येक ढेकळाची बाहेरची बाजू क्षणात शिजून चिकट होते आणि आतलं पीठ कोरडंच कोंडलं जातं. हीच गाठ. नंतर कितीही घोटा, ती फुटली तरी आत कोरडं पीठ निघतं. वैरून पिठलं करणाऱ्या सुगरणी आहेत, त्यांचा हात बसलेला असतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

आता झुणका, कारण सगळा घोळ इथे आहे.

झुणक्यात पीठ पाण्यात विरघळतच नाही. ते आधी तेलात भाजलं जातं, कणाकणाला तेल लागतं, आणि मग थोड्याशा पाण्याच्या वाफेवर शिजतं. तेल लागलेला कण शेजारच्या कणाला पूर्ण चिकटत नाही, म्हणून झुणका मोकळा, भुरभुरीत पण ओलसर राहतो. आधी पीठ पाण्यात कालवलं की हे शक्यच नाही. नंतर ते पाणी तासभर आटवलं तरी कण परत मोकळे होणार नाहीत.

माप असं. एक वाटी बेसन, दोन मध्यम कांदे, सहा-सात लसणाच्या पाकळ्या ठेचून, चार पोह्याचे चमचे तेल, अर्धा-अर्धा लहान चमचा मोहरी आणि जिरं, तिखट एक लहान चमचा, हळद पाव चमचा, मीठ चवीपुरतं. पाणी अर्धी वाटी, फार तर पाऊण. पिठल्यात साडेतीन वाट्या पाणी आणि इथे अर्धी, हे आकडे शेजारी ठेवले की 'घट्ट पिठलं' म्हणणाऱ्यांना उत्तर मिळतं. एवढ्यात दोन माणसांचं जेवण होतं.

लोखंडी कढई घ्या. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातळ गंजात पीठ भाजायला गेलं की एका जागी करपतं आणि बाकी कच्चं राहतं. तेल तापलं की मोहरी तडतडू द्या, मग जिरं, लसूण, कांदा. कांदा लाल करू नका, नुसता पारदर्शक करा. त्याच्यातलं पाणी पुढे कामी येतं. हळद, तिखट, मीठ घाला. हळद वायगावची असेल तर पाव चमच्याहूनही कमी चालते, तिचा रंग गडद असतो. तिखट भिवापुरी मिळालं तर दुसरीकडे बघायचं कारण नाही.

आता आच मंद करा आणि कोरडं बेसन चिमटीने, सगळ्या कढईभर पेरा. एका जागी ढीग करू नका. सराट्याने, म्हणजे उलथन्याने, खालीवर करत चार-पाच मिनिटं भाजा. आधी पीठ सगळं तेल पिऊन टाकतं आणि भुसा झाल्यासारखं दिसतं. बहुतेक जण इथेच घाबरून पाणी ओततात. थांबा. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला रंग किंचित गडद होतो, फुटाण्यासारखा खमंग वास सुटतो आणि सराटा हलका चालायला लागतो. ही खूण.

मग कोमट पाण्यात हात बुडवून शिंतोडे मारा. सगळं पाणी एकदम नाही. पहिल्या शिंतोड्याला चर्र आवाज येतो, वाफ उठते. एकदा खालीवर करा, पुन्हा शिंतोडे मारा, आणि तिसऱ्या खेपेला झाकण ठेवून द्या. मंद आचेवर पाच मिनिटं. झाकण काढून परता, चणा-बोराएवढे गोळे सराट्याच्या धारेने फोडा, आणखी दोन मिनिटं झाकून ठेवा. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, बोटाने टोचला तर सुटावा. सुटत नसेल तर पाणी जास्त झालं. मुठीत गोळाच होत नसेल, खाताना घशाला बसत असेल, तर वाफ कमी पडली. अजून चार शिंतोडे आणि तीन मिनिटं झाकण.

काही घरांत फोडणीतल्या कांद्यावर अर्धी वाटी पाणी घालून, त्यावर बेसन पेरून, न ढवळता झाकण ठेवतात आणि पाच मिनिटांनी परततात. तीही रीत बरोबर आहे, कारण पाणी मोजकंच आहे आणि पीठ वाफेवरच शिजतं. खमंगपणा मात्र भाजलेल्याला येतो, म्हणून भाजण्याची रीत धरावी.

कांद्याची पात किंवा मेथी घालून केलात तर पाणी जवळपास लागतच नाही. धुतलेली पात मीठ पडताच पाणी सोडते, त्या पाण्यावर पीठ शिजतं. हिवाळ्यात पातीचा झुणका करायचा सोडून लोक पावडरचा मसाला टाकून साधा झुणका करतात, हे पटत नाही. गरम मसाला दोन्हीत नको. साखर तर नकोच नको.

पिठाबद्दल एक गोष्ट. दुकानातलं पाकिटातलं बेसन फार बारीक असतं. पिठल्याला ते चालतं. झुणक्याला मात्र ते लगेच चिकटतं. चण्याची डाळ चक्कीवर नेऊन थोडी जाडसर दळून आणा, बोटांत रवाळ लागेल इतपत. भरडा नको, तो गोळाभातासाठी. अर्धा किलो डाळ दळून आणली की एकट्या माणसाला महिनाभर पुरते. बेसन जुनं झालं की कडवट होतं आणि पावसाळ्यात त्यात किडे होतात, म्हणून एकदम जास्त दळू नये.

तब्येतीचं पाहायचं तर दोन्ही चांगले. शंभर ग्रॅम बेसनात साधारण 20 ते 22 ग्रॅम प्रथिनं असतात, ज्वारीत 10 च्या आसपास. प्रथिनांच्या घटकांपैकी ज्वारीत लायसिन कमी पडतं ते चण्यात असतं, आणि चण्यात जे मेथिओनिन कमी ते ज्वारी भरून काढते. म्हणून बेसनासोबत भाकर हे जोडपं पक्कं आहे. तेलाचा फरक मात्र खरा आहे. पिठलं दोन चमच्यांत होतं, झुणक्याला चार लागतात. डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं असेल तर पिठलं खा. झुणक्यातलं तेल कमी करून पाणी वाढवू नका. त्याने झुणकाही होत नाही आणि पिठलंही नाही. जेवणात हिरवं मात्र यातून येत नाही, तेव्हा सोबत कच्चा कांदा, मुळा किंवा मेथीची चार पानं ठेवा. बेसनाने पोट जड होतं अशी तक्रार असते, तिचं मोठं कारण कच्चं राहिलेलं पीठ. फोडणीत हिंग आणि चिमूटभर ओवा टाकला तर आणखी बरं.

भाकर थापता येत नसेल तर पिठलं करून भात लावा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे तांदूळ घरचाच असतो, तिथे हेच सोपं पडतं. झुणका भातावर कोरडा लागतो, त्याला भाकरच हवी. वावरात न्यायचं असेल तर झुणका. भाकरीवर ठेवून फडक्यात बांधला की सांडायची भीती नाही, आणि सकाळचा दुपारपर्यंत नीट राहतो. पाणी जास्त असलेलं पिठलं वैशाखात दुपारीच आंबतं, ते गरम गरमच संपवावं.

नावांचा गोंधळ किरकोळ. वऱ्हाडात पिठल्याला चून म्हणतात, नागपूरकडे पुष्कळ घरांत नुसतं 'बेसन' म्हणतात. पदार्थ एकच. 1995 साली सरकारने एक रुपयात झुणका-भाकर द्यायची योजना काढली, तेव्हा हे नाव राज्यभर घरोघरी गेलं. आज पाटीवर 'झुणका-भाकर' लिहून वाटीत पिठलं वाढतात. वाढणाऱ्याला विचारावं: पीठ कालवलं की पेरलं?

आणि हात चुकलाच तर. झुणक्यात पाणी जास्त पडलं, लगदा झाला, तर त्याला आटवू नका. दोन वाट्या उकळतं पाणी घाला, घोटा, दहा मिनिटं शिजवा. रवाळ, खमंग पिठलं होईल, भातावर छान लागतं. उलटं, पिठलं फार घट्ट झालं तर त्याला झुणका म्हणून वाढू नका. कढईतच आणखी घोटून ताटाला तेल लावून अर्धा बोट जाडीचं थापा, वरून सांभार दाबा, पंधरा मिनिटांनी सुरीने वड्या कापा. संध्याकाळी रस्सा उकळला की आच बंद करून त्यात सोडा. उकळत्या रश्शात सोडल्या तर फुटतात.