तरुण कलाकार शिष्यवृत्ती: अर्ज अडतो तो गुरूंच्या दाखल्यापाशी

गाणं चांगलं असूनही अर्ज बाद झाला, असं सांगणारी मुलं मला वारंवार भेटतात. कागद उघडून बघितले की बहुतेकदा एकच गोष्ट दिसते. गुरूंचं पत्र जोडलेलं असतं, पण त्यात तारखा नसतात.

ही शिष्यवृत्ती केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची. राबवते सीसीआरटी, म्हणजे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र. दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं, एका तुकडीत जास्तीत जास्त ४०० जणांना. हे ४०० फक्त शास्त्रीय संगीताचे नाहीत. नृत्य, नाट्य, चित्र-शिल्प, लोककला सगळं त्यातच आलं. १० ते १४ वयाच्या मुलांसाठी सीसीआरटीची दुसरी शिष्यवृत्ती आहे. सातवीतल्या मुलीसाठी हा अर्ज भरायला बसू नका.

वय १८ ते २५. पण ते आजचं नाही, अर्जाच्या वर्षातल्या १ एप्रिलचं. जूनमध्ये अठरा पूर्ण होणारी मुलं इथेच चुकतात, आणि नियमात सवलत नाही. जाहिरातीत कोणत्या वर्षाचा १ एप्रिल छापला आहे तो आधी बघा, मगच बाकीचं वाचा. वयाच्या पुराव्याला दहावीचं प्रमाणपत्र सर्वांत बरं. जन्मपत्रिका चालत नाही, हे नियमातच लिहिलेलं आहे.

आता मुख्य अडचण. किमान पाच वर्षं गुरूंकडे किंवा संस्थेत तालीम झालेली असावी लागते आणि तसा सहीचा दाखला लागतो: सध्याच्या गुरूंचा, आणि आधी दुसरीकडे शिकला असाल तर त्यांचाही. आपल्याकडे गुरूंच्या घरी हजेरीपट नसतो, पावतीपुस्तक नसतं. नियम मात्र ते असल्यासारखा लिहिलेला आहे. मग गुरुजी प्रेमाने लिहून देतात, ‘ही माझी गुणी शिष्या, हिला उत्तम आशीर्वाद.’ हे पत्र जपून ठेवा, पण अर्जाला ते पुरत नाही. कधीपासून कधीपर्यंत शिकलात, काय शिकलात, एकूण वर्षं किती, हे स्पष्ट हवं. गुरुजींना कागदपत्रांचा कंटाळा असेल तर मसुदा तुम्ही करून न्या आणि समोर बसून वाचून दाखवा. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

तीन वर्षं एकीकडे आणि दोन वर्षं दुसरीकडे शिकलेल्यांनी पहिल्या गुरूंची सही आजच आणावी. मुलं गुरू बदलतात, मनात थोडा दुरावा राहतो, आणि सहीसाठी परत जायला जड जातं. तरी जा. पहिले गुरू हयात नसतील तर जुन्या कार्यक्रमांच्या पत्रिका, परीक्षेचे निकाल, क्लासच्या पावत्या असं जे हाताशी असेल ते गोळा करा आणि मुदत संपण्याआधी सीसीआरटीला लेखी विचारा. फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका.

‘विशारद झालोय, मग दाखला कशाला?’ हा प्रश्न नेहमी येतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद म्हणजे परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र. पाच वर्षं कोणाकडे शिकलात हे ते सांगत नाही. पलुस्कर पुण्यतिथीला गायलात, एखाद्या रचनाकाराच्या स्मृतिमहोत्सवात युवा कलाकार म्हणून बोलावलं गेलं, तर ते कागद जरूर जोडा. त्यांनी अर्जाला वजन येतं, तालमीचा पुरावा मात्र होत नाही.

नावाचंही बघा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि गुरुजींनी लिहिलेलं घरातलं लाडकं नाव. तीन कागदांवर तीन माणसं दिसतात. दाखल्यावर शाळेतलंच नाव घाला.

शास्त्रीय गायन आणि ठुमरी, दादरा, टप्पा, गझल यांचं उपशास्त्रीय ही क्षेत्रं वेगळी आहेत. बैठकीत नाट्यपद रंगतं म्हणून गोंधळू नका. निवड समितीसमोर विलंबित ख्याल नीट मांडता येत असेल तर शास्त्रीयच निवडा. ही शिष्यवृत्ती नवशिक्यांसाठी नाही, पुढच्या तालमीसाठी आहे. समिती प्रत्यक्ष ऐकते आणि कलेबद्दलचं सामान्य ज्ञानही तपासते. निवड झाल्यावर रोज किमान तीन तास रियाज अपेक्षित असतो.

बाकी अर्ज ऑनलाइन. फोटो आणि कागद आधी स्कॅन करून ठेवा, शेवटच्या रात्रीची वाट पाहू नका.

पैशांबाबत घरच्यांना आधीच सांगून ठेवा. ५,००० दरमहा म्हटलं तरी ते दर महिन्याला येत नाहीत; सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत मिळतात, आणि सहामाही प्रगती अहवालही द्यावा लागतो. गुरुजींची फी आणि प्रवास यांची पहिल्या सहा महिन्यांची सोय या पैशांवर न विसंबता करा.