जागा त्यांची, हरकत आमची: वाहनतळाच्या वादामागचा निस्ताराचा इतिहास

ताडोबाच्या एका प्रवेशद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, बफरमधल्या (गाभा जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या) एका गावच्या शिवारात वाहनतळाचा प्रस्ताव आला आहे. रिसॉर्टवर कामाला येणाऱ्यांच्या मोटारसायकली, कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या गाड्या आणि पर्यटकांच्या मोठ्या बसेस तिथे उभ्या राहतील. जागा ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे तिने ना हरकत दिली. शिवेला शिव लागून असलेल्या आमच्या ग्रामपंचायतीने मात्र वेगळा ठराव घेतला: आधी आमचं म्हणणं ऐका, मग आखणी करा. यावर सगळीकडून एकच प्रश्न येतो, की हद्द तुमची नाही तर तुमचा संबंध काय? प्रश्न रास्त दिसतो. पण आपल्या विदर्भात गावाची हद्द आणि गावाचा हक्क कधी एकाच रेषेवर संपत नव्हते, आणि हे सरकारी दप्तरातच लिहून ठेवलेलं आहे. म्हणून ही पार्श्वभूमी.

आधी वाहनतळाची गरज कुठून आली ते बघू. ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ साली, क्षेत्र ११६.५५ चौरस किलोमीटर. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झालं, १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१० मध्ये त्याभोवती सुमारे अकराशे चौरस किलोमीटरचं बफर आलं. बफर म्हणजे गावं, वावरं, बोड्या (लहान तळी) आणि अधूनमधून जंगल. २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं. ऑक्टोबरमध्ये बंदी उठली ती राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांसह. पर्यटनाचा भार गाभ्यातून बफरकडे वळवायचा, ही त्यातली दिशा. पूर्वी लोक स्वतःची गाडी घेऊन आत जात. आता नोंदणी झालेली जिप्सी आणि सोबत स्थानिक गाईड असेल तरच सफारी होते. मग नागपूर-चंद्रपूरहून आलेली गाडी दारातच उभी राहणार, आणि ते दार एखाद्या गावाच्या आखराजवळ, म्हणजे ढोरं गोळा होतात त्या जागेजवळ, असणार. जिप्सीचालक, गाईड, स्वयंपाकी, माळी अशी कामं या गावांतल्या पोरांना मिळाली, ही मोठी गोष्ट आहे. आमच्या गावातलीही पोरं त्यात आहेत. त्यांच्या गाड्यांना सावलीची जागा नको, असं आमच्याकडे कोणीच म्हणत नाही.

वाद आहे तो जागेवरून. अशा कामासाठी नजर जाते ती रिकाम्या दिसणाऱ्या सरकारी जमिनीवर, म्हणजे गायरानावर किंवा झुडपी जंगलावर. ही जमीन रिकामी दिसते ती फक्त बाहेरून आलेल्या माणसाला.

पूर्व विदर्भातला जुना जमीन कारभार मालगुजारीचा. १८६० च्या दशकातल्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजारांना गावाची मालकी दिली, पण गावकऱ्यांच्या वहिवाटीही लिहून घेतल्या. जळाऊ लाकूड कुठून आणायचं, ढोरं कुठे चारायची, मुरूम आणि माती कुठून खणायची, याला म्हणतात निस्तार. तलावाचं पाणी कसं घ्यायचं, कोणाच्या वावरातून वाट जाते, मासे कोणी धरायचे, या रूढी वाजिब-उल-अर्ज या गावच्या रूढींच्या दप्तरात नोंदवल्या गेल्या. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ३१ मार्च १९५१ पासून गावं आणि पडीक जमिनी सरकारकडे आल्या. मालगुजारांचे तलाव 'मामा तलाव' झाले, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. निस्तार मात्र संपला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये झाली तेव्हा त्यात एक अख्खं प्रकरण फक्त विदर्भासाठी ठेवलं गेलं. कलम १६१ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी गावाचं निस्तारपत्रक, म्हणजे निस्ताराच्या व्यवस्थेचा कागद, करायचं, मसुदा गावात प्रसिद्ध करायचा आणि रहिवाशांची इच्छा जाणून मगच तो कायम करायचा.

आमच्या ठरावाचा खरा आधार आहे कलम १६४. त्याचा विषयच आहे दुसऱ्या गावच्या पडीक जमिनीतले हक्क. एखाद्या गावाची पडीक जमीन अपुरी असेल, तर शेजारच्या गावाच्या पडीक जमिनीत निस्ताराचा किंवा गुरं चारण्याचा हक्क त्या गावाला देता येतो, आणि तिथवर जाण्याची वाटही नोंदवून घेता येते. म्हणजे ज्या कायद्याने गावाची शिव आखली, त्याच कायद्याने शिव ओलांडणाऱ्या ढोरांचीही तजवीज केली. 'तुमचा संबंध काय' या प्रश्नाचं उत्तर साठ वर्षांपूर्वीच छापून ठेवलेलं आहे. ते कोणी उघडून बघत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

झुडपी जंगल हा आणखी एक गुंता. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत महसुली कागदांवर 'झुडपी जंगल' म्हणून लागलेली फार मोठी जमीन आहे. प्रत्यक्षात ती बहुतेक चराईची, काटेरी झुडपांची. शाळा, दवाखाने, वस्त्या अशी कितीतरी कामं तिच्यावर झाली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाच्या (सरकारी नोंदीत जंगल असलेली जमीन वनजमीनच धरायची) आधारे या जमिनी वनजमिनीच ठरवल्या. १९९६ पूर्वीच्या वाटपांना नियमित होण्याची वाट ठेवली, पण आज नव्याने तिथे डांबर टाकायचं तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याची परवानगी लागणारच. गायरानाचंही तसंच. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर राज्य सरकारने त्याच वर्षी १२ जुलैला शासन निर्णय काढून गायरान इतर कामांना देण्यावर कडक बंधनं घातली. त्यामुळे एका ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र हातात आलं की काम झालं, ही समजूत चुकीची आहे.

पंचायतींचा कायदा या बाबतीत तोकडा पडतो. मध्य प्रांत-वऱ्हाडात (विदर्भ तेव्हा त्यातच होता) १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या होत्या. बऱ्याच गावांचा मिळून एकत्र कारभार हा त्यांचा गाभा. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि १ मे १९६२ पासूनच्या जिल्हा परिषदा आल्यावर ती घडी मोडली आणि ग्रामपंचायत आपापल्या हद्दीपुरती झाली. दोन पंचायतींनी संयुक्त समिती नेमण्याची सोय अधिनियमात आहे, पण ती ऐच्छिक. ज्याच्या हद्दीत काम, त्याचाच ठराव, हा शिरस्ता तेव्हापासून पडला.

तो शिरस्ता मोडणारा कायदा २००६ चा, वनहक्कांचा. त्यात सामूहिक वनसंसाधनाची व्याख्या करताना महसुली हद्द धरलेली नाही, पारंपरिक हद्द धरली आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये याच कायद्याने सामूहिक हक्क मिळाला. नियमांमध्ये तर अगदी स्पष्ट आहे: एकाच जंगलाचा वापर एकापेक्षा जास्त ग्रामसभा करत असतील, तर त्यांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं, उपभोगाचं स्वरूप तपासायचं आणि निष्कर्ष लेखी द्यायचे. जमलं नाही तर उपविभागीय समितीकडे जायचं. शेजारच्या गावाला विचारणं ही मेहरबानी नाही, ठरलेली पद्धत आहे, हे इथे कायद्याने मान्य केलं.

आता प्रत्यक्ष जागेवर काय आहे ते सांगतो. प्रस्तावित जागेच्या पश्चिम कडेने पांधण, म्हणजे शिवारातली वाट, जाते. गाव नकाशावर ती दुहेरी तुटक रेषेने दाखवली आहे, म्हणजे तो गाडीमार्ग आहे. सकाळी आमचा गायकी याच पांधणीने ढोरं घेऊन जातो, आणि धान कापणीनंतर बंड्या (बैलगाड्या) इथूनच येतात. मोठ्या बसला वळायला जी जागा लागते ती पांधणीचा तोंडाकडचा भाग गिळून होईल, असं आखणीवरून दिसतं. दुसरी गोष्ट उताराची. जमीन आमच्याकडे उतरते. आज पावसाचं पाणी झुडपांत अडत-मुरत आमच्या बोडीत येतं, त्या बोडीवर खालच्या बांध्यांतला धान पिकतो. जमीन कठीण करून तिथे गाड्या धुतल्या, ऑइल सांडलं, तर तेच पाणी वेगाने आणि घाण घेऊन येणार. तिसरी गोष्ट रस्त्याची. वाहनतळ त्यांच्या हद्दीत असला तरी बसेस येतात आमच्या वस्तीतून, शाळेसमोरून. पहाटेच्या सफारीसाठी त्या अंधारातच येतील. वाघ-बिबट्यांची ये-जा असलेल्या भागात पहाटेचे दिवे आणि हॉर्न यांचा विचार पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसारही व्हायला हवा. रात्रीच्या वाहतुकीवरचं नियंत्रण हा अशा अधिसूचनांमधला नेहमीचा विषय आहे.

पार्किंगचं शुल्क मात्र एकाच पंचायतीच्या खात्यात जाईल. हा मुद्दा आमच्या ठरावात शेवटी आहे आणि तो शेवटीच असावा असं माझं मत आहे. पैसा पुढे आला की पांधण आणि बोडी मागे पडतात, आणि शेजारच्या गावालाही वाटतं की हे वाट्यासाठीच भांडताहेत. दोन्ही गावांचे सोयरेसंबंध आहेत, पोळ्याला बैल एकाच तोरणाखाली येत. वैर नको आहे कोणाला.

ठरावातल्या मागण्या मोजक्या आहेत. दोन्ही ग्रामसभांची संयुक्त बैठक तहसीलदार आणि वनाधिकाऱ्यांसमोर व्हावी. पांधण मोजून तिच्या खुणा आधी रोवाव्यात. बसचा तळ मुख्य रस्त्याकडच्या, आधीच मोकळ्या झालेल्या जागेवर न्यावा, आणि कर्मचाऱ्यांच्या मोटारसायकली ज्या त्या रिसॉर्टच्या आवारात उभ्या राहाव्यात. ठरावासोबत गाव नकाशाची प्रत जोडली आहे. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकलांसाठी अभिलेख कक्षात अर्ज केला आहे. त्या हातात आल्या की शेजारच्या सरपंचांनाही एकेक प्रत द्यायची, असं आमच्या ग्रामसभेत ठरलं आहे, कारण त्यात त्यांच्याही गावाचे आमच्या शिवारातले हक्क निघण्याची शक्यता आहे.