मामांचं दूध आणि पोरवयातलं ताट

औशाजवळच्या गावात राहणारे माझे मामा ६८ वर्षांचे आहेत. रात्रीतून चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं म्हणून तपासणी केली, तर प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेली निघाली. ही वाढ वयाची आहे, कॅन्सर नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी मामांनी फोनवर विचारलंच, “दूध बंद करू का? दुधानं कॅन्सर होतो म्हणतेत.”

हे बोलणं अगदीच निराधार नाही. आइसलँडमध्ये १९०७ ते १९३५ या काळात जन्मलेल्या पुरुषांना म्हातारपणी विचारलं गेलं की पोरवयात, मध्यमवयात आणि आता तुमच्या खाण्यात काय काय होतं. पोरवयात रोज दूध पिणाऱ्यांमध्ये गंभीर टप्प्यातल्या प्रोस्टेट कॅन्सरचं प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट दिसलं. मध्यमवयातल्या किंवा उतारवयातल्या दुधाचा मात्र तसा संबंध दिसला नाही. याच अभ्यासात पोरवयात राय या धान्याचा चोथायुक्त पाव रोज खाणाऱ्यांमध्ये गंभीर कॅन्सर जवळपास निम्मा आढळला.

पोरवयच का? मुलगा वयात येईपर्यंत ही ग्रंथी अगदी चिमुकली असते. मग टेस्टोस्टेरॉनमुळे ती काही वर्षांतच भराभर वाढते, पेशी सारख्या विभागत असतात. दुधामुळे रक्तातलं आयजीएफ-१ हे वाढीला चालना देणारं संप्रेरक वाढतं, आणि ते जास्त असलेल्या पुरुषांमध्ये हा कॅन्सर थोडा जास्त दिसतो. तरीही एवढ्यावरून लेकरांचं दूध तोडू नका. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या जेवणाच्या आठवणींवर उभा राहिलेला तो अभ्यास आहे. दोन गोष्टी सोबत दिसल्या, एकीमुळे दुसरी झाली हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि आपल्याकडच्या पोरांना प्रथिनं, कॅल्शियम हवंच आहे. रायची गोष्ट वाचताना मला मात्र आपली ज्वारीची भाकरी आठवली. राय वेगळी, ज्वारी वेगळी, पण कोंड्यासकट दळलेलं धान्य ही दोन्हींची खूण. ती भाकरी पोरांच्या डब्यातून जाऊन तिथे मैद्याची बिस्किटं आली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चाळिशी-पन्नाशीत लक्ष द्यायचं ते वजनाकडे. लठ्ठपणाचा गंभीर प्रोस्टेट कॅन्सरशी असलेला संबंध बऱ्यापैकी भक्कम आहे. टमाट्यातलं लायकोपीन हे लाल रंग देणारं द्रव्य शिजवून, तेलासोबत खाल्लं तर अंगी जास्त लागतं, म्हणजे भाकरीसोबतची टमाट्याची चटणी बरीच की. पण तिने कॅन्सर टळतो, असं म्हणण्याइतका पुरावा नाही.

साठीनंतर लोक गोळ्यांकडे वळतात. अमेरिकेच्या पुढाकाराने ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची चाचणी झाली. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ मध्ये कळलं, नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त झाला होता.

मामांना म्हटलं, चहातलं दूध राहू द्या. शेजाऱ्यांनी आणून दिलेली ई जीवनसत्त्वाची डबी मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका. आणि लघवीतून रक्त दिसलं, तर त्याच दिवशी लातूर गाठा.