पाणी किती आम्ल पचवतं?

दोन तळ्यांच्या पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, अगदी सारखा असू शकतो. तरीही वर्षानुवर्षं आम्लवर्षा होत राहिली, तर एका तळ्यातले मासे तगतात आणि दुसऱ्यातले मरतात. सामू फक्त पाण्याची आत्ताची स्थिती सांगतो. पुढे किती आम्ल पचेल, ते कळतं अल्कतेवरून. नैसर्गिक पाण्यात ती मुख्यतः बायकार्बोनेटची असते. चुनखडीच्या प्रदेशातल्या पाण्यात ते भरपूर मिळतं, ग्रॅनाइटच्या प्रदेशात फारच कमी.

ती मोजायची रीत सरळ आहे: पाण्याला खरोखरच आम्ल पाजायचं आणि ते कुठे हात टेकतं ते पाहायचं. शंकुपात्रात १०० मिलिलिटर नमुना घेऊन त्यात आधी फिनॉल्फ्थॅलिन या, सामूनुसार रंग बदलणाऱ्या दर्शकाचे थेंब टाकतात. सामू सुमारे ८.३ च्या वर असेल तरच गुलाबी रंग येतो, आणि नद्या-विहिरींच्या बहुतेक पाण्याला तो येतच नाही. शेवाळलेल्या तळ्याचं भर दुपारचं पाणी मात्र गुलाबी होऊ शकतं, कारण शेवाळ प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि सामू चढतो. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही, की सामू असा चढला तरी एकूण अल्कता बदलत नाही. दोन बायकार्बोनेटांचं एक कार्बोनेट होतं, पण ते एकटं दोघांइतकं आम्ल पचवतं. त्याचा चुन्यासारखा साका खाली बसला, तर मात्र अल्कता घटते. कार्बन डायऑक्साइड हवेत निसटून असा साका बसू नये, म्हणून नमुन्याची बाटली काठोकाठ भरून, हवा न ठेवता बंद करायची आणि थंड ठेवायची.

पुढे मेथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक घालून ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या, तोटी असलेल्या काचनळीतून, ०.०२ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक) सल्फ्युरिक आम्ल सोडत जायचं. पिवळ्याचं नारिंगी होऊ लागलं की थेंबाथेंबाने. हा बदल डोळ्यांना चकवतो, म्हणून पात्राखाली पांढरा कागद हवाच. १४.२ मिलिलिटर आम्ल लागलं, तर अल्कता लिटरला १४२ मिलिग्रॅम. पाण्यात कोणतेही क्षार असले तरी हा आकडा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सांगण्याची पद्धत आहे.

रंगापेक्षा सामूमापक अधिक भरवशाचा, पण थांबायचं कुठे हा प्रश्न उरतोच. बायकार्बोनेट संपताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तोही पाणी थोडं आम्लधर्मी करतो. त्यामुळे अल्कता ३० च्या आसपास असेल तर अंत्यबिंदू, म्हणजे थांबायची जागा, सामू ४.९ ला येतो, ५०० असेल तर ४.३ ला. अल्कता २० च्याही खाली असेल, तर एवढीशी चूकही महागात पडते. तिथे ४.३ ते ४.७ च्या दरम्यान थांबून एकूण किती आम्ल लागलं ते टिपतात, मग सामू बरोबर ०.३ ने उतरेपर्यंत आणखी आम्ल घालतात. सामू ०.३ ने उतरला म्हणजे हायड्रोजन आयन दुप्पट झाले. म्हणजे या दुसऱ्या टप्प्यात जेवढं आम्ल लागलं, तेवढंच पहिल्या थांब्यावर जास्तीचं पडलेलं होतं. पहिल्या आकड्यातून ते वजा केलं की खरी अल्कता हाती येते.